उंदराला मानवले, बाळाला मानवेल काय?

(कुडवा येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



आजचा विषय ऐकून काहींना हसू आले असेल. शिक्षणसंस्थेच्या मेळाव्यात उंदरांचे काय काम? पण घरात लहान मुलाला जुलाब लागले की औषधाच्या दुकानातून आपण क्षारसंजीवनीच्या पाकिटाबरोबर आणखी एक लहानशी पुडी किंवा कुपी घेऊन येतो. तिच्यात जिवंत जीवाणू असतात. त्यांना प्रोबायोटिक म्हणतात. हे जीवाणू उपकारक आहेत, हे कोणी ठरविले आणि कसे? या शोधाची वाट बहुधा प्रयोगशाळेतील पांढऱ्या उंदराच्या पिंजऱ्यावरून जाते. ती तेथेच संपत मात्र नाही, आणि हेच मला आज सांगावयाचे आहे.

जीवाणू म्हणजे रोग, असे आपण समजतो. ते अर्धेच खरे आहे. दुधाचे दही जीवाणूच करतात. आपल्या आतड्यात अब्जावधी जीवाणू वस्तीला असतात. आपल्याला न पचणारा चोथा ते पचवितात, काही जीवनसत्त्वे तयार करतात आणि रोगजंतूंना सहजासहजी जागा मिळू देत नाहीत. पुण्याच्या संशोधकांनी एकत्र कुटुंबांतील आजोबा, मुलगा, नातू अशा तीन पिढ्यांच्या आतड्यांतील जीवाणू तपासले. ते संशोधन २०१२ साली प्रसिद्ध झाले. वयानुसार या जीवाणूंत होणारा बदल पाश्चात्त्य लोकांत आढळलेल्या बदलापेक्षा वेगळा निघाला. म्हणजे युरोपातील माणसाचे आतडे पाहून आपल्या मुलाच्या आतड्याविषयी सर्व काही सांगता येत नाही. मग उंदराचे पाहून कितपत सांगता येईल?

थोडा इतिहास पाहू. आंबट दुधातील जीवाणू प्रकृतीला हितकर असतात, हा विचार विसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील एली मेचनिकॉफ यांनी जगापुढे मांडला. त्यांना १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले, पण ते शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीवरील कामासाठी. आंबट दुधाने आयुष्य वाढते, हे त्यांचे म्हणणे सिद्ध झाले नाही. मोठ्या माणसाचे म्हणणे असले तरी पुरावा लागतोच.

याच मेचनिकॉफ यांचे एक विद्यार्थी आपल्या महाराष्ट्राला चांगले परिचित आहेत. ते म्हणजे वाल्डेमार हाफकिन. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली तेव्हा त्यांनी तेथे लस तयार केली. आधी ती प्राण्यांवर तपासली. नंतर १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली. पुढे टोचलेले किती आजारी पडले आणि न टोचलेले किती, याची वेगवेगळी मोजदाद केली. लोक लसीला घाबरत होते. त्या वेळी विशीच्या आसपास असलेल्या आगाखान तिसरे यांनी लोकांसमोर स्वतः लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपला खुश्रू लॉज हा बंगला दिला. परळची हाफकिन संस्था त्याच प्रयोगशाळेतून वाढली. प्राणी, मग थोडी माणसे, मग पुष्कळ माणसे, आणि प्रत्येक पायरीवर मोजदाद, हा क्रम आजही बदललेला नाही.

आता उंदराच्या पिंजऱ्याकडे येऊ. उंदीरच का? तो लहान, जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅमचा असतो. त्याचे आयुष्य सुमारे दोन वर्षांचे असते. अनेक पिढ्या जवळच्या नात्यात वाढविल्याने एका जातीचे उंदीर जुळ्या भावंडांसारखे सारखे असतात. त्यांचे दोन गट करतात. एका गटाला जीवाणू मिसळलेले द्रव्य मोजून पाजतात. दुसऱ्याला तेच द्रव्य, पण जीवाणूंविना. खाणे, पाणी, उजेड, सारे सारखे. मग वजन, विष्ठा, रक्त आणि आतडे तपासतात. तपासणाऱ्याला कोणता उंदीर कोणत्या गटातला हे शक्यतो सांगत नाहीत, कारण मनात असते तेच डोळ्यांना दिसू लागते.

यात एक गंमत आहे. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात. एकाच पिंजऱ्यात दोन्ही गट ठेवले, तर एकाला पाजलेले जीवाणू दुसऱ्याच्याही पोटात जातात आणि सारा प्रयोग फुकट जातो. म्हणून गट वेगळ्या पिंजऱ्यांत ठेवावे लागतात, आणि प्रत्येक गटाला एक नव्हे, अनेक पिंजरे लागतात. उंदरांच्या जठराच्या वरच्या भागात दह्यातल्या जीवाणूंच्या भाईबंदांची कायमची वस्ती असते. माणसाच्या जठराची रचना तशी नाही.

हे प्रयोग मनाला येईल तसे करता येत नाहीत. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा आपल्याकडे १९६० पासून आहे. संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी लागते आणि शक्य तितके कमी प्राणी वापरावे लागतात.

आता उंदरावरून माणसाकडे येताना काय घडते, त्याची दोन उदाहरणे देतो. आयर्लंडमधील कॉर्क येथील संशोधकांनी कॅनडातील सहकाऱ्यांसह २०११ साली एका लॅक्टोबॅसिलसने उंदरांची भीती कमी होते असे दाखविले. जगभर गाजावाजा झाला. पुढे कॉर्कमध्येच तोच जीवाणू २९ निरोगी पुरुषांना देऊन पाहिला. २०१७ साली त्यांनी स्वतःच जाहीर केले की, जीवाणूविरहित गोळीपेक्षा त्याचा अधिक उपयोग दिसला नाही. आपल्याच शोधाविरुद्ध गेलेला निकाल त्यांनी लपविला नाही. विज्ञानाची इभ्रत अशा माणसांमुळे टिकते.

दुसरे उदाहरण ढाक्याचे. तेथील अतिसार संशोधन केंद्राने अमेरिकी शास्त्रज्ञांबरोबर तीव्र कुपोषित तान्ह्या बाळांना बिफिडोबॅक्टेरियम इन्फॅंटिस हा जीवाणू दिला. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात त्या बाळांचे वजन अधिक वाढले. मग त्यांनी जन्मापासून जंतुविरहित वाढविलेल्या उंदरांत हा जीवाणू आणि बांगलादेशी बाळांतूनच मिळालेला त्याचा एक भाईबंद, असे दोन्ही सोडले, आणि उंदरांना आहार दिला तोही ढाक्याच्या बाळांच्या आहारासारखा. त्या आहारावर देशी वाण अधिक चांगला टिकला. आपल्या भागात धानाचे कोणते वाण कोणत्या बांधीत येते हे शेतकरी जाणतो. जीवाणूंचेही तसेच आहे.

आणि निकाल केवळ जीवाणूवर नव्हे, प्रश्नावरही अवलंबून असतो. ओडिशातील खेड्यांत साडेचार हजारांहून अधिक नवजात बाळांना सात दिवस एक लॅक्टोबॅसिलस व त्याचे खाद्य दिले. जंतुदोष किंवा मृत्यू यांचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. हा निकाल २०१७ सालचा. पण २०१८ साली अमेरिकेत जुलाब-उलट्यांनी आजारी असलेल्या ९७१ मुलांवर वेगळा, पुष्कळ खपणारा लॅक्टोबॅसिलस तपासला, तर काहीच फरक पडला नाही. दोन्हींना प्रोबायोटिक हेच नाव!

तेव्हा पालकांनो, पुडी घेताना तीन प्रश्न विचारा. कोणता जीवाणू? कोणत्या आजारासाठी? आणि माणसांवर तपासला की नुसता उंदरांवर? मुलाला जुलाब झाल्यास आधी क्षारसंजीवनी, तान्ह्या बाळाला आईचे दूध, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने जस्ताची गोळी. यांचा पुरावा भक्कम आहे. पैसे कमी असतील तर ते आधी यावर खर्च करा. अशक्त किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाला डॉक्टरांना विचारल्याविना जिवंत जीवाणू देऊ नका. दही-ताक खुशाल खा. ते उत्तम अन्न आहे, पण त्याला औषध समजू नका.

विद्यार्थी मित्रांनो, मुलींनो, हे काम तुम्हीही करू शकता. पुण्यात जीवाणूंचा राष्ट्रीय संग्रह आहे. तेथवरची वाट कुडव्याच्या वर्गातूनच सुरू होते. जीवशास्त्राइतकेच गणिताकडे लक्ष द्या, कारण मोजता आले नाही तर प्रयोग व्यर्थ. आज घरी एकाच दुधाच्या दोन वाट्या घ्या. एकीत विरजण घाला, दुसरीत घालू नका. बाकी सारे सारखे ठेवा आणि सकाळी दोन्ही पाहा. दुसरी वाटी कशासाठी ठेवली, हे ज्याला समजले त्याला माझे आजचे भाषण समजले.