जपानमधील आमची विद्यार्थिदशा
(वार्षिक संमेलनातील भाषण)



क्योतो येथे आम्ही दोन वर्षे विद्यार्थी म्हणून राहिलो. आरंभी परकीय म्हणून दोन घरमालकांनी खोली नाकारली. ते मनास फार लागले. पुढे खोली मिळाली, तरी सहा महिने आम्ही देशबांधवांतच रमलो आणि जपानी भाषेस पारखे राहिलो.

ही कोंडी फोडली शेजारच्या एका वृद्ध बाईंनी. जाळावयाचा कचरा कोणत्या वारी, बाटल्या कोणत्या वारी, हे त्यांनी खुणांनी शिकविले. त्यांच्या भाषेतही क्रियापद मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी येते, आपल्या 'ना'सारखा 'ने' लागतो, हे उमजताच आमची जीभ सुटली.

परवाना घेतल्यास विद्यार्थ्यास सत्रात आठवड्याला 28 तासांपर्यंत काम करता येते. उपाहारगृहात भांडी घासताना आम्हांस मित्र लाभले. साध्या दिसणाऱ्या सुपातही बहुधा माशाचा अर्क असतो, हे आम्हां शाकाहाऱ्यांस तेच आधी सांगत. त्यांपैकी कोणीही आमचे कुळ पुसले नाही.

म्हणून मुलांस परदेशी धाडणाऱ्या पालकांना विनंती, की लोणच्याच्या बरणीबरोबर एवढा उपदेशही द्यावा: आपली माणसे विसरू नका, परंतु शेजाऱ्याच्या दारी प्रथम जा.