पाणी वाढले, वीज वाढली का?

वर्गात मुले घोकतात, “द्रावण विरल केले की वाहकता वाढते.” मग प्रयोगशाळेत मिठाच्या द्रावणात पाणी ओततात, तो मापकाचा काटा खाली येतो! विद्यार्थी असताना मीही इथेच अडलो होतो. पुस्तक खोटे, की काटा?

दोघेही खरे, पण बोलतात ते वेगवेगळ्या वाहकतांविषयी. मीठ पाण्यात विरघळले की त्याचे सोडियम व क्लोराइड असे आयन सुटे होतात. वीज वाहतात ती हे आयन. पाणी वाढवले की एका घन सेंटीमीटरमधले आयन कमी होतात. काटा दाखवतो ती ही विशिष्ट वाहकता. ती घटणारच.

पुस्तकातली वाहकता मोलर. एक मोल, म्हणजे साडेअठ्ठावन ग्रॅम मीठ घ्या. ते जितक्या पाण्यात असेल त्या सगळ्याचा मिळून हिशेब करा. २५ अंश सेल्सिअसला, दहा लिटर द्रावणात तो आकडा सुमारे १०७ येतो, हजार लिटरमध्ये १२४. वाढ थोडीच. कारण आयन आधीच सुटे आहेत. बाजारातली गर्दी पांगावी तसा त्यांचा एकमेकांना होणारा अडथळा तेवढा कमी होतो. याचे गणित १९२३ साली डिबाय व ह्युकेल यांनी मांडले.

आता शिरक्यातले ॲसेटिक आम्ल घ्या. पाणी तितकेच वाढवले, तर त्याचा आकडा ५ वरून ४९ वर जातो, नऊपटींहून अधिक! या आम्लाचे बहुतेक रेणू दाव्याला बांधलेल्या बैलांसारखे. आधी शंभरात एखाद-दुसराच सुटलेला. पाणी वाढले की बारा-तेरा सुटतात. हा नियम ऑस्टवाल्ड यांनी १८८८ साली सांगितला. मीठ प्रबल आणि हे आम्ल दुर्बल विद्युत् विच्छेद्य म्हणायचे, ते यासाठी.

शेतकरी बंधूंनो, माती परीक्षणाच्या पत्रिकेत विद्युत् वाहकतेचा आकडा असतो, तो काट्याचा. म्हणून एक भाग मातीला अडीच भाग पाणी, असे प्रमाण ठरवून घेतात. पाणी जास्त पडले तर आकडा उतरतो, आणि खारवट रान कागदावर चांगले ठरते.

तेव्हा गुरुजनहो, “वाहकता वाढते” असे मूल म्हणाले, की आधी विचारा, “कोणती रे?”