दहा दिवसांचा गणपती



आपले सण तिथीनं येतात आणि दुःखाच्या आठवणी बहुधा तारखेनं. त्यामुळे दोघांची गाठ सहसा पडत नाही. आमच्या किल्लारीत मात्र ती अधूनमधून पडते. १९९३ साली २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गावानं वाजतगाजत गणपती पोचवले, थकून मंडळी उशिरा झोपली आणि ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. आजचं किल्लारी त्यांतलंच एक.

मी या गावची सून. लग्न होऊन १९९९ मध्ये आले, तेव्हा आमचं घर नव्या गावातलं, सरळ रस्त्यावरचं होतं. माझ्या सासूबाईंनी, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, त्या पहाटे आपली धाकटी लेक गमावली होती. ती लक्ष्म्यांच्या सणाला माहेरी आली होती. विसर्जन बघून जाते म्हणाली आणि राहिली. त्यानंतर आत्याबाईंनी लक्ष्म्या सोडल्या नाहीत. सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबील सगळं रीतसर व्हायचं. पण गणपती घरात बसेना. पुढं नातवंडांच्या हट्टापायी बसू लागला, तोही दीड दिवसाचा. चतुर्दशी त्यांना घरात नको होती.

२०१२ साली माझी मुलगी अकरा वर्षांची होती, मुलगा सात. दोघांनी हट्ट धरला, औंदा गणपती दहा दिवसांचा. मी भिंतीवरची दिनदर्शिका उलटली आणि थबकले. चतुर्दशी २९ सप्टेंबरलाच होती. तिथी आणि तारीख साधारण एकोणीस वर्षांनी पुन्हा जुळतात, हे गणित मला माहीत होतं, पण ते आपल्या घरात येऊन उभं राहील असं वाटलं नव्हतं. मी आत्याबाईंना तारीख दाखवली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “लेकरांना आपल्या भयाचा उपास कशाला? बसवा दहा दिवस.”

शेतातली काळी माती भिजवून मुलांनी मूर्ती केली. सोंड एका बाजूला जरा जाड झाली. आरास काय करायची, हे त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. पुठ्ठ्याचं, वर मातीचा थर दिलेलं माळवदाचं घर त्यांनी मखरात उभं केलं. जुन्या गावात फिरताना पडक्या भिंती पाहिल्या होत्या, त्यावरून. माझ्या छातीत धस्स झालं. आत्याबाई चष्मा लावून खाली वाकल्या, निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, “दार चुकलं. आपलं दार उगवतीला होतं.” मुलीनं लगेच पुठ्ठा कापून दार पूर्वेला केलं. मग बळद कुठं होतं, चूल कुठं, आत्या कुठं झोपायची, हे प्रश्न आले आणि आजी उत्तरं देत गेली. इतक्या वर्षांत त्या घराबद्दल त्या इतकं बोललेल्या मी ऐकलं नव्हतं.

खरा प्रश्न विसर्जनाच्या आदल्या रात्री आला. मुलगा म्हणाला, “आजी, त्या वर्षी बाप्पाला पोचवलं आणि दुसऱ्या दिवशी भूकंप झाला. मग यंदा पोचवायचाच नको ना!” श्रोतेहो, मोठ्या माणसांनीही तेव्हा असंच काहीबाही म्हटलं होतं. देवाचा कोप झाला, पाप वाढलं. लेकराच्या मनात तो काटा रुतला असता तर दर वर्षी आरतीच्या वेळी त्याला भीती वाटली असती.

आत्याबाई म्हणाल्या, “देव कोपला नाही, लेकरा. जमीन हलली आणि भिंत पडली. भिंत आपणच बांधलेली.” मग मी पुढचं समजावलं. माळवदाचं घर उन्हाळ्यात गार राहतं, म्हणून आपल्याकडे पिढ्यानपिढ्या तसंच बांधत आले. पण दोन-तीन फूट जाडीच्या भिंतीत दगड नुसत्या मातीत बसवलेले, आतल्या आणि बाहेरच्या दगडांना सांधणारा आरपार दगड नाही आणि डोक्यावर मातीचं प्रचंड ओझं. भिंत फुगली की ते ओझं झोपलेल्यांवर यायचं. मुलांची दहा-बारा पुस्तकं मी एकावर एक रचली आणि पाट हलवला, पुस्तकं घसरली. मग तीच दोरीनं बांधून पुन्हा हलवला, ढीग राहिला. नव्या घरांच्या भिंतींतून फिरणारी काँक्रीटची पट्टी ती दोरीच आहे, हे त्यांना मग वेगळं सांगावं लागलं नाही.

त्या वेळी आमचा भाग भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ च्या नकाशात तो वरच्या पट्ट्यात गेला. १९९२ च्या ऑक्टोबरात धक्के बसले होते, तेव्हा लोक काही दिवस अंगणात झोपले आणि पुन्हा आत गेले. कुणाचं चुकलं म्हणावं? जमीन हलते की नाही हे आपल्या हाती नाही. भिंत कशी बांधायची हे आहे. सात वर्षांच्या मुलाला एवढं कळतं.

दुसऱ्या दिवशी अंगणात बादलीत विसर्जन झालं. मुलानं स्वतःच्या हातांनी मूर्ती सोडली, जरा रडला, पण सोडली. ती माती जास्वंदीला घातली. रात्री आम्ही सगळे घरातच झोपलो. आत्याबाई तेवढ्या जाग्या होत्या. चार वाजून गेल्यावर त्यांनी दिवा मालवला आणि नातवाच्या अंगावर पांघरूण घातलं. सकाळी दोन्ही मुलांना घेऊन त्या जुन्या गावातल्या स्मृतिस्तंभापाशी गेल्या. तोवर त्या एकट्याच जायच्या.

मी अंगणवाडीत काम करते. सणात दुःखाचं बोलू नये, असं आयाबाया मला सांगतात. मला वाटतं, घरातल्या माणसांचा आवाज अचानक का बसतो, हे लेकरांना न सांगताही दिसत असतं. आपण नाही सांगितलं तर ती आपली आपण उत्तरं शोधतात आणि ती उत्तरं फार भीतीची असतात. मोदक करता करता, हात कामात असताना, खरं सांगणं सोपंही जातं.

तेव्हापासून आमच्याकडे गणपती दहा दिवसांचा असतो. २०३१ च्या सुमारास ती तिथी आणि ती तारीख पुन्हा जवळ येतील. तोवर घरात नवी लेकरं आली असतील आणि ती काहीतरी विचारतीलच. सांगायला मुलगी आहे, मुलगा आहे. माळवदाच्या घराचं दार कोणत्या बाजूला होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.