ताप गेला, पण शीण राहिला



पाऊस पडला, पाणी साचले, की आपल्या कर्जत-खालापुरात तापाचे दिवस येतात. कुणाला डेंग्यू होतो, कुणाला चिकुनगुनिया. आठ दिवसांत ताप उतरतो. बहुतेक पोरं बरी होऊन शाळेत जातात. पण एखाद्या पोराचा शीण महिनोन्‌महिने जात नाही. स्टेशनापर्यंत चाललं तरी ते दमतं. रात्रभर झोपूनही ताजंतवानं होत नाही. वाचलेलं ध्यानात राहत नाही. मग आपण म्हणतो, "अभ्यास नको, म्हणून सोंग करतो!"

मंडळी, हे सोंग नव्हे. हा आजार आहे.

ऑस्ट्रेलियात डबो नावाचे गाव आहे. तिथे तीन तऱ्हेचे ताप आलेल्या २५३ माणसांवर डॉक्टरांनी लक्ष ठेवले. त्यांतला एक ताप डासांमुळे येणारा होता. सहा महिन्यांनी शंभरात बारा जण थकलेलेच होते. ताप कोणता, याने फरक पडला नाही. ज्याचा आजार सुरुवातीला जोराचा, त्याला धोका जास्त. २००६ साली हे छापून आले.

अमेरिकेत एका विद्यापीठाने साडेचार हजार विद्यार्थ्यांना आधीच तपासून ठेवले. पुढे २३८ जणांना घसा सुजवणारा ताप आला. सहा महिन्यांनंतर ५५ जणांना हा शिणाचा आजार जडलेला होता. ती पोरं आधीपासून जास्त उदास किंवा घाबरट होती का? नाही. त्यांच्या शरीराच्या तक्रारी मात्र आधीच जास्त होत्या.

तेव्हा आपण काय करायचे?

ज्याला जोराचा ताप आला, किंवा जे आधीच अशक्त आहे, त्या पोराला जपायचे. ताप उतरला म्हणून लगेच भातकापणीला धाडू नये. अंथरूण पाहून पाय पसरावेत, तशी ताकद पाहून कामे द्यावीत. आज काम केले आणि उद्या जास्तच दुखले, तर काम कमी करावे.

शीण गेला नाही, तर सरकारी दवाखान्यात दाखवावे. रक्त कमी असेल, क्षय असेल, तर त्यावर औषध आहे. या शिणावर मात्र खात्रीचे औषध अजून नाही. सलाईन लावून तो जात नाही. उगाच पैसे घालवू नका.

गुरुजींना भेटा. थोडे दिवस अर्धा वेळ शाळा चालेल का, विचारा. नाहीतर शाळा सुटते, ती सुटतेच.

आणि पाण्याचे पिंप आठवड्यातून एकदा घासून कोरडे करा, बरं का! डास कमी, तर ताप कमी.