आधी तपासणी, मग कुदळ
(हुणसूर येथील सभेत केलेल्या भाषणाचा सारांश)



हुणसूरला लागूनच नागरहोळेचे अरण्य आहे. वन्यप्राण्यांच्या रक्षणाच्या नावाखाली जेनू कुरुब, येरव आदी आदिवासींना ज्या अरण्यातून हुसकावण्यात आले, त्याच अरण्यात मुरकल येथे ताज समूहातील कंपनीला पर्यटकनिवासासाठी शासनाने भाडेपट्टा दिला. आदिवासींची संघटना न्यायालयात गेली. १९८० च्या वनसंवर्धन कायद्याने आवश्यक केलेली केंद्राची पूर्वसंमती न घेता दिलेला हा पट्टा टिकू शकत नाही, असा निर्णय कर्नाटक उच्च न्यायालयाने १९९७ साली दिला.

या निर्णयाचा सारा भार ‘पूर्व’ या एका शब्दावर आहे. पर्यावरणीय परिणामांच्या तपासणीचेही तेच मर्म आहे. १९९४ च्या अधिसूचनेने ती प्रथम बंधनकारक झाली. २००६ च्या अधिसूचनेने तिचे चार टप्पे ठरविले. प्रकल्पाला सविस्तर तपासणी हवी की नको, कशाकशाची तपासणी करावयाची, जनतेचे म्हणणे काय आणि शेवटी तज्ज्ञ समितीचे मूल्यमापन, असे हे टप्पे होत.

कागदावर हे निर्दोष दिसते. परंतु अहवाल लिहिणारा सल्लागार नेमतो कोण? प्रकल्पाचा मालक! त्याचे शुल्कही मालकच देतो. ज्याचे मीठ खावे त्याच्याविरुद्ध साक्ष कोण देणार?

म्हणूनच जनसुनावणीचे महत्त्व. तिची सूचना किमान तीस दिवस आधी वृत्तपत्रांतून दिली पाहिजे. अहवालाचा गोषवारा स्थानिक भाषेत मिळाला पाहिजे. जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असतो. शेवटी कामकाजाचा सारांश लोकांच्या भाषेत वाचून दाखवावा लागतो. मात्र येथे मतदान नसते आणि गणसंख्येचीही अट नाही. मंडप ओस पडला तरी सुनावणी ‘पार पडली’ अशीच नोंद होते. अनेक बांधकाम प्रकल्पांना तर सुनावणीच नाही.

तेव्हा केवळ घोषणा देऊन परतू नका. विहिरीची पातळी, गायरानाचा सर्व्हे नंबर, गुरांच्या वाटा, अहवालात न आलेली वस्ती, हे सारे लेखी द्या आणि पोच घ्या. वनहक्कांचा प्रश्न असेल तेथे २००६ च्या वनहक्क कायद्याखाली ग्रामसभेचा ठराव करा. मंजुरी मिळालीच, तर हरित न्यायाधिकरणात अपील करण्याची मुदत तीस दिवसांची आहे, हे विसरू नका.

मुरकलच्या लढ्यात आदिवासींजवळ धन नव्हते, सत्ता नव्हती. पूर्वसंमतीचा कागद कोठे आहे, एवढा एक प्रश्न त्यांनी सोडला नाही. तोच प्रश्न प्रत्येक प्रकल्पाच्या दारात, कुदळ पडण्यापूर्वी, आपण विचारला पाहिजे.