स्वाक्षरी कोणाची?



नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची पदवी आज आपण जिंतुरात स्वीकारीत आहात. स्वामीजींनी ज्या निजामी राजवटीविरुद्ध लढा उभारला, त्या राजवटीचा कारभार १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत उर्दूत चाले. येथील मराठी कास्तकारावर बजावलेला हुकूम बहुधा त्याला स्वतःला वाचता येत नसे, आणि जो कोणी त्याचा अर्थ सांगेल त्याच्या इमानावर त्याची जमीन अवलंबून राही. हा इतिहास आज काढण्याचे कारण असे, की कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या काळात निर्णय पुन्हा अशा लिपीत होऊ लागले आहेत, जी कास्तकारालाच काय, त्यावर शिक्का उमटविणाऱ्या अंमलदारालाही वाचता येत नाही.

कायद्याने यावर काय करावे? यंत्रमानवास ‘इलेक्ट्रॉनिक व्यक्ती’ मानण्याचा विचार व्हावा, असे युरोपीय संसदेने २०१७ साली सुचविले होते. आपल्याकडे कोणी देवमूर्तीचा दाखला देईल; १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने मल्लिक खटल्यात मूर्तीस विधिमान्य व्यक्ती मानलेच होते. परंतु ते व्यक्तित्व वहिवाटदाराच्या मनमानीस आळा घालण्यासाठी होते, आणि म्हणूनच मूर्तीची बाजू निःस्वार्थी प्रतिनिधीने मांडावी, असे त्या न्यायासनाने ठरविले. यंत्रास व्यक्ती मानले, तर नेमके उलट होईल: ज्याच्याजवळ ना मालमत्ता ना लज्जा, अशा प्रतिवादीच्या आड त्याचा धनी सुखेनैव लपेल. ही सूचना मला सर्वथा अग्राह्य वाटते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एका कंपनीच्या आयकर-आकारणीचे प्रकरण आले. आकारणीच्या आदेशात ज्या न्यायनिर्णयांचा आधार घेतला होता, ते मुळात अस्तित्वातच नव्हते! न्यायालयाने आदेश रद्द करून प्रकरण फेरविचारार्थ परत धाडले आणि बजावले, की अर्धन्यायिक अधिकार चालविणाऱ्याने यंत्राने पुढे केलेल्या निष्कर्षांवर आंधळेपणाने विसंबू नये, ते पडताळून घ्यावेत. त्याच वर्षी आशा भोसले यांच्या आवाजाची यंत्राद्वारे नक्कल करण्यास त्याच न्यायालयाने अंतरिम मनाई केली. दोन्ही ठिकाणी जाब माणसांना विचारला गेला, आणि तेच योग्य झाले.

मात्र आयकराच्या प्रकरणी दाद मागणारी एक कंपनी होती, तिच्यापाशी वकील होते. राज्य शासनाने शेतीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण जून २०२५ मध्ये मंजूर केले आहे. त्याचे मी स्वागत करतो. पण उद्या येलदरीच्या परिसरातील एखाद्या सोयाबीन उत्पादकाचा नुकसानभरपाईचा अर्ज यंत्राने नामंजूर केला, तर यंत्र चुकले हे त्याने कशाच्या बळावर सिद्ध करावे? दिल्लीतील १९८५ च्या वायुगळतीनंतर, धोकादायक उद्योग चालविणाऱ्याने आपण निर्दोष असल्याची सबब सांगू नये, नुकसान भरून द्यावे, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली घालून दिला. त्याच न्यायाने, जो यंत्राकरवी दुसऱ्याच्या हक्काचा निवाडा करतो, त्याच्यावरच तो निवाडा रास्त असल्याचे सिद्ध करण्याचा भार कायद्याने टाकावा. नकाराची कारणे अर्जदारास मराठीत लेखी मिळावीत, त्याखाली जबाबदार अंमलदाराचे नाव, हुद्दा व स्वाक्षरी असावी, आणि त्यावरील अपील तालुक्याच्या ठिकाणीच, यंत्राचा निष्कर्ष फिरविण्याचा पूर्ण अखत्यार असलेल्या माणसापुढे चालावे. आपल्यापैकी कोणी तलाठी होतील, कोणी वकील, कोणी विधिमंडळातही जातील. हा मसुदा मी आपल्या हवाली करीत आहे.