दोन विद्यांची सांगड
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. संगणकाच्या गोष्टी मी काय सांगणार, असे तुम्हांस वाटेल. परंतु आमच्या थोरलीला जपानात नोकरीस जायचे आहे आणि तिची तयारी दोन वर्षे माझ्या डोळ्यांदेखत चालली आहे. आळीतल्या आणखी काही मुलींच्या मनात तेच आहे, म्हणून हे बोलणे.

आमच्या घरात वाद झाला तो असा. तिचे वडील म्हणाले, नोकरी सोड आणि वर्षभर नुसती भाषा शीक. मला ते मुळीच पटले नाही. तिकडचे लोक पगार देणार तो प्रोग्रॅम लिहिण्याचा. त्याच कामात वर्षाचा खंड पडला, तर नुसती भाषा घेऊन काय करायचे? पण भाषेवाचूनही भागत नाही. तिथल्या पुष्कळ कचेऱ्यांत बैठका, पत्रे, सूचना सारे जपानीतच चालते. शेवटी नोकरी ठेवून दोन्ही करायचे ठरले.

हिरागाना व काताकाना यांची मूळ अक्षरे प्रत्येकी ४६. ती लवकर बसतात. खरा डोंगर कांजीचा. नित्य वापराच्या सरकारी यादीतच २१३६ अक्षरे, आणि उच्चार एकाहून अधिक! सूर्याचे अक्षर कुठे ‘हि’, तर कुठे ‘निची’. वाक्याची बांधणी मात्र आपल्यासारखी. क्रियापद शेवटी, आणि ‘तोक्योला’ म्हणजे ‘तोक्यो नि’. मराठी मुलींना हे इंग्रजीपेक्षा जवळचे वाटते.

कांजी रोजच्या रोजच हवी. साठवून रविवारी उरकता येत नाही. सकाळी अर्धा तास, दहा अक्षरे. मी पोळ्या लाटताना चिठ्ठीवरचा मराठी अर्थ वाचते, ती अक्षर लिहिते. प्रोग्रॅमचे याच्या उलट. कचेरीत ठरीव काम असते. नवे शिकायचे तर सलग बैठक लागते. म्हणून रविवारी दुपारी तीन तास तिला कुणी हाक मारायची नाही. पाहुणे आले तरी चहा मीच करते. (याबद्दल नणंदबाईंची बोलणीही खाल्ली आहेत.) भाषेची परीक्षा जुलै व डिसेंबरात असते, तिच्या आधीचा महिना रविवारही भाषेला.

त्या परीक्षेच्या पायऱ्या पाच, एन-५ पासून वर एन-१ पर्यंत. मुलगी सांगते, कंपन्या बहुधा एन-२ तरी मागतात. पण या परीक्षेत बोलायला लावीतच नाहीत! प्रमाणपत्र हाती येते आणि जीभ वळत नाही. म्हणून शनिवारी ती व तिची मैत्रीण तासभर जपानीतच बोलतात. निम्मा वेळ हसण्यात जातो.

तिने एक युक्ती काढली आहे, ती मला फार आवडली. आपल्या धंद्याचे शब्द ती आधी शिकते. गिऱ्हाइकाला काय हवे ते लिहिलेला कागद म्हणजे ‘शियोशो’, आराखडा म्हणजे ‘सेक्केई’. स्वतःच्या प्रोग्रॅममधल्या टिपा ती जपानीत लिहिते. एका बैठकीत दोन्ही कामे होतात.

लग्नाचे काय, असे मला सगळ्याजणी विचारतात. येत्या डिसेंबरात एन-२ ला बसते आहे. तोवर स्थळे पाहणार नाही, असे मी तिच्या वडिलांकडून कबूल करून घेतले आहे. कुणाच्या मुलीला शनिवारच्या बोलण्यात यायचे असेल, तर संध्याकाळी सहाला आमच्या ओसरीवर पाठवा.